भागाबाईच्या हातावरचा पोपट

पौषातला गारठा. कापसाच्या वावरात दव होतं तोवर बोंडाची पाती नरम असतात, कापसात कचरा येत नाही, म्हणून बाया उजाडताच वेचायला उतरल्या होत्या. भागाबाई नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर चढवून सर्वांच्या पुढे. माहेर साक्रीकडचं, जीभ वखराच्या पासेसारखी धारदार, शिंदखेड्याच्या अलीकडच्या या गावात तिला कोणी शब्दात हरवलं नव्हतं. आठवड्यापूर्वी गोंदलेला हात खाजत होता. तिने बाही वर सारली, तर खपली गळून अक्षरं स्वच्छ उमटलेली. शेजारच्या ओळीतली लताबाई सातवीपर्यंत शिकलेली. तिने वाचलं आणि डोळे मोठे केले.

"भागा, हाऊ पोपट कोन शे व?"

"कोनता पोपट?"

"तुन्हा हातवर शे तो!"

झालं होतं असं. शिंदखेड्याच्या बाजारात अय्युब गोंदणारा बॅटरीचं मशीन घेऊन बसला होता. भागाबाईला नवऱ्याचं नाव गोंदवायचं होतं, पण नवऱ्याचं नाव बायकोने तोंडाने कसं घ्यायचं? एरवी उखाण्यात घेता येतं, पण मशीनची घरघर ऐकूनच उखाणा पळाला. मग तिने कोडं घातलं. "हिरवा रहास, मिरची खास, चोच लाल." पुढे रामाचं सांगायचं होतं, कारण नवरा तोताराम. पण सुई बसली आणि तिची दातखिळी बसली. अय्युब म्हणाला, "समज गया, बाई!" आणि त्याने ठसठशीत 'पोपट' काढला. भागाबाईला अक्षर येत नव्हतं. वर एक पान फुकट काढून दिलं म्हणून ती खूश होऊन घरी आली होती.

संध्याकाळपर्यंत पारावर एकच गजर. "तोताराम, तुन्हा पोपट व्हयना रे!"

तोतारामने खाट उचलली आणि गावाबाहेर खळ्यात नेऊन टाकली. "ते नाव जाई तव्हय मी घर येसू," म्हणाला. भाकरी नेली तर तिच्याकडे पाठ करून खायचा. रात्री थंडीने त्याचा खोकला वाढला, तो घरापर्यंत ऐकू यायचा, आणि इकडे भागाबाईचा डोळा लागायचा नाही.

तिने लिंबू चोळलं, चुना लावला, टाचा घासायच्या दगडाने हात घासला. कातडी निघाली. पण नवी कातडी आली की खालून पोपट हजर, जास्तच तुकतुकीत. शेवटी दोघं धुळ्याला कातडीच्या डॉक्टरकडे निघाले. बसमध्ये तो पुढे, ती मागे.

कंपाउंडरने विचारलं, "नाव?"

"भागाबाई."

"नवऱ्याचं?"

तिने पदराचं टोक दातात धरलं. कंपाउंडरचं लक्ष तिच्या हाताकडे गेलं आणि त्याचं काम सोपं झालं. डॉक्टरांनी आतून हाक मारली, "या पोपटराव, बसा." तोतारामचे कान लाल झाले, पण बसला.

डॉक्टर हात बघून म्हणाले, "ताई, तुम्ही घर सारवता ना? सारवण झिजतं, पुन्हा घालता. वरची कातडी तशी. तुम्ही घासली, ती पुन्हा आली. शाई आहे आतल्या कातडीत. ती भिंत. रक्ताच्या बारीक नळ्या, घामाच्या गाठी, केसांची मुळं, दुखलं-भाजलं कळवणाऱ्या तारा, सगळं त्या भिंतीत. शाई तिथे गेली की तिथल्या पेशी ती गिळून धरून ठेवतात."

"म्हन्जे पोपट पिंजरामा बठना?"

"बसला. आता काढायचा तर पिंजऱ्यासकट. कापायचं, टाके घालायचे. वण राहणार."

भागाबाईने हात टेबलावर ठेवला. "काढा. हाऊ मानूस खळामा झोपस, थंडीमा मरी जाई."

तबक आलं. सुई, चिमटा, चकाकणारं पातं. भागाबाई खिडकीबाहेर बघत होती. तोताराम मात्र तबकाकडे बघत होता, आणि त्याच्या हातावरचे केस सरळ उभे राहिले. पौषात त्याच्या कपाळावर घाम आला.

डॉक्टर थांबले. "पोपटराव, केसाच्या मुळाशी इवलासा स्नायू असतो, तो आवळला की असे काटे येतात. घामही त्याच भिंतीतून येतो. तुमची आतली कातडी बोलली. तोंडाचं काय म्हणणं?"

तोताराम पुटपुटला, "ऱ्हाऊ द्या साहेब."

"काय राहू द्या?"

"तो... पोपट."

भागाबाई इतकी हसली की कंपाउंडर दारात आला.

स्टँडवर शिंदखेड्याची गाडी लागली. भागाबाईने जागा धरली आणि तोताराम गायब. कंडक्टरने घंटी मारली. 'अहो' म्हणून ओरडावं तर अर्धा स्टँड वळेल, नाव तर घ्यायचं नाही. आणि एकदम तिच्या ध्यानात आलं, पोपट हे काही नवऱ्याचं नाव नव्हे! तिने खिडकीतून अर्धं अंग बाहेर काढलं.

"ओ पोपट! गाडी सुटी ऱ्हायनी!"

पेरूच्या गाडीमागून तोताराम धावत आला. धापा टाकत म्हणाला, "माले कसाले पोपट म्हनस?"

"मंग तुम्हनं खरं नाव लेऊ? बठ्ठा लोक ऐकतीन, पाप लागी ना!"

पेरू अर्धा करून तो तिच्या शेजारी बसला.

गावात उतरल्यावर तो परस्पर खळ्यात गेला आणि डोक्यावर खाट घेऊन घरी आला. पारावरून कोणीतरी शीळ घातली, त्याने ऐकलं नाही. घरात चूल सकाळपासून थंड होती. भागाबाईने कापसाच्या वाळल्या पऱ्हाटीच्या काड्या गुडघ्यावर मोडून आत सारल्या, फुंकणी उचलली आणि धुरात डोळे मिटून फुंकत बसली.