दुसरा उपाय

“पोरांना भुका लागल्यात, सायेब. घड्यालाला काय त्याचं?” घंटा दोन मिनिटं आधी का दिली, या हेडमास्तरांच्या प्रश्नाला तिचं हे ठरलेलं उत्तर. भिवंडीच्या आमच्या शाळेत ती शिपाई होती. आम्ही शिक्षक मनातून तिच्याच बाजूचे. तुमच्याही शाळेत असं एखादं माणूस असेल.

जवळच्याच टेमघर गावाहून ती चालत यायची. रडणाऱ्या पोराला “कोनाचा रं तू? माझा की न्हाय?” असं विचारून हसवायची. तिला स्वतःला मूल नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झालेली, नवरा कापडाच्या लूमवर कामाला. दर चैत्रात नवस बोलून यायची आणि मला म्हणायची, “यंदा व्हईल, बाई.” मी हो म्हणायची. तिची पाठ वळली की स्टाफरूममध्ये आम्ही हसायचो. मीही.

पुढे पाळीत तिला फार रक्त जाऊ लागलं. एकदा घंटेखालीच चक्कर येऊन बसली. तपासणीत गर्भाशयात गाठी निघाल्या. ठाण्याच्या डॉक्टरीणबाईंनी जाणतं माणूस सोबत आणायला सांगितलं. नवरा म्हणाला, बायकांच्या दुखण्यात माझं काय काम? मग ती माझ्याकडे आली. “तुमी शिकलेल्या. तुमीच चला.”

डॉक्टरीणबाई माझ्याकडे बघून हिंदीत सांगत होत्या. नुसत्या गाठी काढता येतील, पिशवी राहील, मुलाची आशाही राहील. पण रक्त जास्त जाऊ शकतं, गाठी पुन्हा होऊ शकतात. पिशवीच काढली तर त्रास कायमचा संपेल, पण मूल होणार नाही. “पेशंटला नीट समजवा,” एवढं सांगून त्या दुसऱ्या पेशंटकडे गेल्या.

ती खाली मान घालून बसली होती. बाहेरच्या बाकावर पुरुष बसले होते, त्यांच्यादेखत असले शब्द उच्चारायची मला लाज वाटली, असं मी पुढे बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. ते खोटं आहे. मी मनात ठरवून टाकलं होतं. सदतिशी आली, बारा वर्षांत पाळणा हलला नाही, आता काय हलणार!

“पिशवी काढावी लागेल,” मी म्हणाले.

“दुसरं काय न्हाय?”

“नाही.”

तिने पदर सारखा केला. मग म्हणाली, “तुमी सांगाल तसं.” कागदावर अंगठा उठवला.

वर्षाच्या आत नवऱ्याने दुसरी केली आणि तो वळ गावात राहायला गेला. ती कामावर परत आली. घंटा आता अगदी वेळेवर व्हायची. हेडमास्तर खूश होते.

दहा वर्षांनी मलाच गाठी झाल्या. मी डॉक्टरांना शंभर प्रश्न विचारले. कागदावर चित्र काढून घेतलं, विचार करायला चार दिवस मागितले. माझ्या गाठी लहान, पाळी जायचं वय जवळ आलेलं, तेव्हा नुसतं थांबून बघायचं ठरलं. घरी आले, पण त्या चित्राचा कागद टाकवेना. त्या रविवारी टेमघरला गेले.

ती दारात सुकट निवडत बसली होती. मी सगळं सांगून टाकलं.

“मना म्हाईत हाय,” ती म्हणाली. “डागतरीन हिंदीत बोलत व्हती. भिवंडीत र्‍हाऊन मना हिंदी येनार न्हाय व्हय?”

“मावशी, मग बोलली का नाहीस?”

“वाट बघत व्हते, तुमी सांगाल म्हनून. इचारलं बी. तुमी न्हाय म्हनालात. मना वाटलं, बाई शिकलेली हाय, माझं भलं बघूनच झाकत असंल.”

गाठी काढून मूल झालंच असतं, असं कोणी सांगू शकत नाही. पण ते ठरवायची मी कोण? मी पाया पडायला वाकले, तिने माझे हात धरले. मग उठून चहा टाकला. तो मी कसा प्यायले, माझं मला माहीत.

पुढे काही वर्षांनी ती वारली, ते मला पंधरा दिवसांनी कळलं. निरोप घेऊन यायला तिच्या घरात कोणी नव्हतं.