बंड्याचं सॅम्पल

कुत्र्याच्या लघवीकडे आमच्या शेजारच्या काकांइतक्या आदराने बघणारा माणूस अख्ख्या चिंचपोकळीत दुसरा सापडणार नाही. त्यांची सारी नोकरी एका इस्पितळाच्या लॅबमध्ये लोकांच्या बाटल्या तपासण्यात गेली. ते निवृत्त झाले, काकी वारल्या, मुलगी लग्न होऊन लांब गेली आणि तपासायला उरला एकटा बंड्या. काकींनी जिन्याखालून उचलून आणलेला, आता तेरा वर्षांचा झालेला तांबडा कुत्रा.

बंड्या घटाघटा पाणी प्यायला लागला, तेव्हाच काकांना संशय आला. दुसऱ्या दिवशी सकाळी लांब दांड्याचा डाव घेऊन ते त्याच्यामागून निघाले. बंड्याने खांबाशी पाय वर केला की काका वाकून डाव पुढे सरकवत. बंड्या वळून डावाकडे बघे आणि लाजून पाय खाली घेई. ही वरात स्टेशनपर्यंत जाऊन आली. कामावर निघालेली माणसं थांबून बघत होती. चौथ्या दिवशी एकदाचं सॅम्पल मिळालं. काकांनी बाटली उजेडात धरली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"पाण्यासारखी पातळ आसा रे," ते मला म्हणाले. "किडनी थकली त्याची."

जनावरांच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून तेच सांगितलं. किडनी पुन्हा बरी होणार नव्हती, जपता येईल तेवढं जपायचं होतं. मासे-मटण बंद, जेवण बेताचं आणि बिनमिठाचं. बंड्याला वासाने त्रास नको म्हणून काकांनी स्वतः बांगडा सोडला. मालवणी माणसाने! दोघं समोरासमोर बसून भोपळा-भात खात आणि दोघांचीही तोंडं सारखीच वाकडी होत. कातडीखाली सलाईन द्यायलाही काका शिकले. सुई टोचली की बंड्या गप्प राही, "आई गं" काका म्हणत.

पुढे बंड्याला लघवी धरवेना. चाळीच्या गॅलरीत ओल दिसली की काका फडकं घेऊन हजर. "माझ्या हातून तांब्या सांडला," म्हणत. तांब्या दिवसातून सहा-सहा वेळा सांडायला लागला, तेव्हा समोरच्या वहिनींनी हळूच विचारलं, "काका, तांब्याला औषध चालू आहे ना?" काकांनी मान हलवली आणि ते तिथेच, फडकं हातात धरून, रडले. त्या संध्याकाळी वहिनींनी जुन्या चादरी घडी करून त्यांच्या दाराशी आणून ठेवल्या.

दिवाळीनंतर बंड्याने पाणीही सोडलं. डॉक्टरीणबाई घरी येऊन बघून गेल्या. काका दिवसभर त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते. दिवेलागणीला तो गेला.

आठवड्याने रविवारी दुपारी मी त्यांना डबा द्यायला गेलो. डबा ठेवून वळलो तर काका म्हणाले, "घाई आसा काय?"

"नाही."

"मग बस जरा. बोलायचा नाय काय. नुसतो बस."

मी बसलो. खिडकीतलं ऊन फरशीवरून सरकत भिंतीवर चढलं, तरी मी उठलो नाही. आमच्या दोन घरांत एकच भिंत आहे. बावीस वर्षांत काकांच्या घरात इतका वेळ मी पहिल्यांदाच बसलो होतो.