कवडूचा डावा अंगठा

शालिकराम नागपूरजवळ हिंगण्याला कंपनीची बस चालवायचा. बावीस वर्षांत त्याच्या चाकाखाली कुत्रंसुद्धा आलं नाही. पण बॅटऱ्या चोरल्याच्या संशयावरून पोलिसांनी उचललं ते याच माणसाला. ठाण्यात त्याला पालथं पाडलं. एक जण पाठीवर बसला आणि हवालदार तळपायांवर पट्टा ओढू लागला. कातडी फाटली, रक्त उडालं, तरी पट्टा थांबेना. तेवढ्यात समोरचा टपरीवाला कवडू चहा घेऊन आत आला. ते बघून त्याच्या हातातून ग्लास निसटले आणि खळकन फुटले, म्हणून त्यालाही एक लाथ बसली.

बॅटऱ्या पुढे कंपनीच्या गोदामातच सापडल्या. शालिकराम सुटला, पण आता ब्रेकवर पाय दाबला की त्याच्या डोळ्यांत पाणी यायचं.

त्याने सरळ दिल्लीच्या मानवी हक्क आयोगाला अर्ज लिहायला घेतला. बायको गोपिका घाबरली. "काहून वैर घेता?"

"आयोग सरकारलेबी जाब विचारते वं," तो म्हणाला. आणि या भाबड्या माणसाने, कवडूला विचारून, साक्षीदार म्हणून त्याचं नाव टपरीच्या पत्त्यासकट ठळक लिहिलं.

आयोग कागदावर स्वतंत्र. कुणालाही बोलावू शकतो, दप्तर मागवू शकतो. पण दिल्लीत बसून नागपूरच्या ठाण्यात डोकावणार कोण? आयोगाने रीतीप्रमाणे अर्जाची प्रत पोलिसांनाच पाठवली आणि अहवाल मागवला. प्रत साहेबांकडून खाली सरकत त्याच हवालदाराच्या टेबलावर आली. मार खाल्लेल्याची तक्रार मारणाऱ्याच्या हातात! तळपायाची आग मस्तकात जाते ती इथे.

भर दुपारी हवालदाराने कवडूची टपरी उलथवली. उकळता चहा त्याच्या मांडीवर सांडला. मग त्याचा उजवा हात दगडावर धरून दांड्याने बोटं ठेचली, एकेक करून.

"कर आता साक्षीच्या कागदावर सही!"

ठाण्यात मारहाण झालीच नाही, असा पोलिसांचा अहवाल दिल्लीला गेला. आयोगाने तो शालिकरामला पाठवून कळवलं, चार आठवड्यांत म्हणणं मांडा, नाहीतर प्रकरण बंद.

तो कागद घेऊन शालिकराम कवडूच्या घरी गेला. "माह्या मूर्खपणानं तुह्या हाताचा चेंदा झाला गा. मी अर्ज मांगं घेतो."

कवडूचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. "मांगं घेतला तर हा हात फुकट गेला ना गा! मी पाह्यलं ते सारं लिही."

शालिकरामने लिहिलं. लिहिताना तो लहान पोरासारखा रडला. शेवटी कवडूच्या नावापाशी त्याचा पेन अडला. "आन् सही?"

"मी कधी शाळेत गेलो काय? दहा वर्षं माह्या हातचा चहा पेला, पण त्या हवालदाराले एवढंबी ठाऊक नाही. जिंदगीभर अंगठाच देऊन राहिलो. आन् माणसाचा डावाच घेतात."

शालिकरामने पेनाची शाई त्याच्या डाव्या अंगठ्याला फासली. कवडूने तो कागदावर असा दाबला की खालचा पाट करकरला.