हनुवटीखालचा हात

घराला कुलूप लावलं तेव्हा भाऊबंद ओट्याशी उभे होते. बायकोचं वर्षश्राद्धही व्हायचं होतं. धाकटा चुलतभाऊ म्हणाला, "नाना, किल्ली आठेच ठेव. घर तुनंच शे." मी किल्ली तिथं न ठेवता खिशात घातली आणि चोपड्याहून एसटी धरून धुळ्याला आलो, लेकीकडं. तुम्ही भाऊबंद मागं राहिलात, तुम्हाला वाटलं नाना सुखात गेला. सुख कसलं! गावात दार उघडलं की केळीचे बाग दिसायचे. इथं दार उघडलं की समोरच्याचं दार.

लेक संगीता नर्स. जावई आधीच इंग्लंडच्या दवाखान्यात लागलेला. इंग्रजी बोलायची परीक्षा पास झाली की तीही जाणार. आधी एकदा ती त्याच परीक्षेत अडकली होती. मला ती पास व्हायला नको होती. लपवून काय करायचं? बायको गेली, आता लेक गेली की मी भिंतींशी बोलणार.

अडकायची ती आवाजांवर. ड्यूटीवरून आली की मोबाईलवरच्या मास्तरणीपुढं बसायची. मी चौथी शिकलेला, पण रोज ऐकून ऐकून समजलं. आपण 'नो' म्हणतो, तो ओ खुंट्याला बांधल्यासारखा जागच्या जागी राहतो. इंग्रजांचा ओ निघतो 'ओ'पासून आणि सरकत 'उ'च्या अंगाला जातो. 'डे' म्हणताना ए सरकतो 'इ'कडं. 'हाउस'मधला आ सरकतो 'उ'कडं. मधे तोडायचं नाही, दम एकच. संगीता आधी सपाट बोलायची, मग सुधारायला गेली तर तुकडे पाडायची, नो आणि उ वेगळे.

मास्तरणीनं युक्ती सांगितली होती. हनुवटीखाली हात धरायचा. आवाज सरकला तर जबडा हलतो, नाही सरकला तर हलत नाही. ती हात धरून म्हणायची, "गो, नो, होम," आणि मला विचारायची, "हालनं का नाना?" मी बघून सांगायचो. खोटं सांगावं असं मनात यायचं, पण तिचा चेहरा बघून खोटं निघायचं नाही. मीही माझ्या हनुवटीखाली हात धरून 'होम' म्हणून बघितलं. माझा जबडा ढिम्म.

परीक्षा घरूनच, लॅपटॉपवर होती. खोलीत दुसरं माणूस नको, दुसरा आवाज आला की परीक्षा रद्द. तिनं पंखा बंद केला, शेजारणीला कुकर लावू नको म्हणून सांगून आली. मी स्वयंपाकघरात पाटावर बसलो. मधलं दार कधीच नीट लागत नाही. तिचा शब्द न् शब्द ऐकू येत होता.

घरातल्या एखाद्या माणसाबद्दल बोला, असं तिला विचारलं असावं. ती आईबद्दल बोलायला लागली. मला कळले ते शब्द थोडेच, मदर, चोपडा, बनाना. पण चाल ओळखली. तिची आई चुलीपुढं बसून दिवसभराचं सांगायची, तीच चाल. आमच्याकडं कोणी सांगायला लागलं की ऐकणाऱ्यानं हूं म्हणायचं. हुंकार नाही तर सांगणारा पुढं जात नाही. मला डुलकी लागली की बायको विचारायची, "आयकी राह्यनात ना?"

आणि संगीता मधेच थांबली. मला कळलं, ती आईजवळ पोहोचली आणि आता तिला हुंकार पाहिजे. हूं माझ्या ओठांपर्यंत आला. सवयीनं आला की मुद्दाम, ते मलाच सांगता येत नाही. एक हूं, आणि परीक्षा रद्द. लेक धुळ्यातच. कोणी मला बोललंही नसतं, म्हातारा माणूस, चुकून आवाज निघाला म्हणाले असते.

मी हनुवटीखाली हात घालून जबडा वर दाबून धरला. दातांवर दात बसले. आत घड्याळाचा आवाज येत होता.

मग तिनं दम घेतला आणि 'होम' म्हणाली. ओ निघाला, सरकला, ओठ मिटले. न तुटता. पुढं ती बोलतच गेली.

बाहेर आली तेव्हा डोळे लाल. म्हणाली, "नाना, तुम्ही हुंकार दिधा नई. माले वाटनं तुम्ही निंघी ग्यात."

मी म्हणालो, "आठेच व्हतू. चहा टाक."

ती पास झाली, गेली. मी धुळ्यातच राहिलो. तुम्ही रागावता की नाना अजून गावी का येत नाही, किल्ली तर खिशात आहे. येईन. पण ते कुलूप काढलं तर आत बोलणारं कोण आहे? तुमच्यातले जे सुरतेला, पुण्याला गेले, त्यांना विचारा, ते सांगतील.

रविवारी दुपारी तिचा फोन येतो. आता तिचा मराठीतला 'हो'सुद्धा थोडा 'उ'कडं सरकतो. ती तिथल्या थंडीचं, पेशंटांचं सांगत असते, मी हूं हूं करत असतो. परवा जरा डोळा लागला. फोनमधून आवाज आला, "आयकी राह्यनात ना?" तिच्या आईचीच चाल, तीच कुरकुर.

मी हूं म्हणालो. घर म्हणतात ते माझं आता तेवढंच आहे.