निळ्या करंगळ्यांची पळापळ

तिला सगळे तुरतुरबाई म्हणत. बावीस वर्षं लसीची थंड पेटी खांद्याला लावून ती पोरांच्या मागे धावत आली होती. चपला इतक्या झिजत की नवरा म्हणे, तू चालत नाहीस, रस्ता खातेस.

त्या दिवशी ती बांधकामावरच्या पत्र्याच्या खोल्यांत होती. गवंड्याच्या धाकट्याला गोवर निघाला होता, आणि पाच वाजता सगळी बिऱ्हाडं ट्रकने दुसऱ्या कामावर निघणार होती. न टोचलेलं पोर ट्रकात चढलं तर गोवरही तिथे पोचणार. आईबापांनी सकाळीच होकार देऊन घमेली उचलली होती. पोरांना तुरतुरबाईने समजावलं होतं, ज्याची करंगळी निळी, त्याला गोवर होत नाही. टोचून झालं की शाईचं पेन ती पोराच्याच हातात द्यायची. खूण करायच्या नादात रडणं थांबे.

सत्तावीस पोरं टोचून झाली. पेन तिथेच विसरून ती दवाखान्याची गाडी आणायला गेली, मग गवंड्याच्या आजारी बाळाला आईसोबत गाडीत बसवलं. परत येऊन बघते तर एकोणचाळीस करंगळ्या निळ्या. कुत्र्याचा पंजाही. वहीत नावं होती, पण जो तो वहीतलंच नाव सांगत होता.

ट्रकचे ड्रायव्हरकाका म्हणाले, सरसकट पुन्हा टोचा, अपाय तर नाही. पण डोस उरले होते तेरा, आणि साडेचार वाजले होते.

 मग तुरतुरबाईने सरळ सिरिंज भरून उंच धरली. सत्तावीस पोरं दंड दाखवत ऐटीत उभी राहिली. उरलेल्या बारांनी धूम ठोकली.

"धरा त्यांना, काका!"

मग वाळूचे ढीग तुडवले गेले, काकांचं पोट सिमेंटच्या पाइपात अडकलं. दोघं रिकाम्या पिंपात लपली होती, ती स्वतःच्याच खिदळण्याने सापडली. टोचलेल्यांनी फितुरी करून बाकीची पकडून दिली. अकरा झाली.

बारावी गवंड्याची थोरली. ती ट्रकात बोचक्यांमागे होती. तुरतुरबाई धापा टाकत शेजारी बसली.

"सगळ्यांना शाई तूच लावलीस ना?"

"गोवर होऊ नये म्हणून. बाळाला तर पाचही बोटांना लावली." पोरीचा आवाज बारीक झाला. "तुम्हीच म्हणाला होतात."

तुरतुरबाईने तिचा शाईने माखलेला हात हातात घेतला.

"मी अर्धंच सांगितलं गं. शाई नुसती खूण. काम सुई करते. बाळाला आता डॉक्टर बघतील. तुला मात्र मला आत्ताच टोचू दे."

पोरीने बाही वर केली, डोळे गच्च मिटले आणि सुई टेकायच्या आधीच असं भोकाड पसरलं की पुढे केबिनमध्ये काकांनी दचकून हॉर्न दाबला.

पाचला ट्रक हलला. बारा पोरं रडत होती, सत्तावीस त्यांना चिडवत होती. तुरतुरबाई रस्त्यातच फतकल मारून बसली आणि पोट धरून हसत सुटली.