उमेदवाराचा थोरला भाऊ

नोकरीतल्या कितीतरी केसेस आता धूसर झाल्या आहेत. ही एक मात्र अजून मनातून जात नाही, आणि ती निवृत्तीनंतरची आहे. पोलिसाची वर्दी उतरवून मी शारजाला लेकीकडे राहायला आलो होतो.

एका शनिवारी लेकीच्या ऑफिसातली एक बाई भेटायला आली. तिचा धाकटा दीर अमेरिकेत एका राज्याच्या गव्हर्नरपदाची निवडणूक लढवत होता. लढत अटीतटीची. त्यातच एक रेकॉर्डिंग तिकडे सगळीकडे फिरू लागलं. आवाज तिच्या सासूबाईंचा: "धाकट्याला आईची गरज नाही. मी मेले तरी तो यायचा नाही." सोबत इंग्रजी भाषांतर. विरोधकांनी ते उचलून धरलं. जो आईला विचारत नाही, तो जनतेला काय विचारणार?

"काका, हे आमच्याच घरात रेकॉर्ड झालंय," ती म्हणाली. "सासूबाई दुसरीकडे कुठे जातच नाहीत. ह्यांचा संशय कामवालीवर आहे. तिचा व्हिसा कॅन्सल करून तिला श्रीलंकेला परत पाठवायला निघालेत."

"पोलिसांत का जात नाही?"

"इथे न विचारता रेकॉर्ड करणं गुन्हा आहे. घरातलंच कोणी निघालं तर नोकरी, व्हिसा, सगळं खलास!"

इथे मला साध्या शिपायाइतकाही अधिकार नव्हता. तसं तिला स्पष्ट सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी दुबईतल्या बर दुबई भागातल्या तिच्या फ्लॅटवर गेलो.

आधी कामवालीला विचारलं. बिचारी रडत होती. हिंदी मोडकंतोडकं, मराठी अजिबात नाही. मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. 'यायचा नाही' म्हणताक्षणी ते कापलं होतं, आजींनी पुढचा श्वास घेण्याआधी. नेमकं कुठे तोडायचं हे मराठी समजणाऱ्यालाच कळणार. कामवाली संशयातून सुटली. या जोडप्याचा मुलगा शिकायला परदेशात. राहिले नवरा-बायको, आणि बायको तर स्वतःच खबर घेऊन आलेली.

नवरा इंजिनियर, सभ्य, बोलायला मऊ. पोलीस ठाण्यात मी संशयिताला आधी चहा द्यायचो आणि गुन्हा सोडून बाकी सगळं विचारायचो. इथेही तेच केलं.

"भावाचा अभिमान वाटत असेल?"

"वाटतो ना. लहानपणापासून हुशारच तो." मग हळूहळू बांध फुटला. "इथे सगळे मला उमेदवाराचा भाऊ म्हणूनच ओळखतात. माझ्या मुलाच्या डीपीवर फोटो कुणाचा, तर काकाचा. आईची औषधं मी आणतो, डॉक्टरकडे मी नेतो, देवळात मी नेतो. पण आल्यागेल्यापुढे ती कौतुक कुणाचं करते? त्याचं!"

निर्दोष माणूस आधी विचारतो, 'कोणी केलं असेल?' या गृहस्थाने तो प्रश्न एकदाही विचारला नव्हता.

शेजारी त्याची आई बसली होती. मी तिला विचारलं, "आजी, 'तो यायचा नाही' म्हणालात, त्याच्यापुढे काय म्हणालात?"

"पुढे?" तिने थोडं आठवलं. "म्हटलं, पण मला त्याचं दुःख नाही. तू आहेस ना रे दादा. असा मुलगा कुणाला मिळतो?"

घरात थोरल्याला सगळे दादा म्हणत. त्याने चेहरा ओंजळीत झाकला.

"रेकॉर्डिंग मीच केलं, मीच तिकडे पाठवलं. पुढचं मी कापलं," तो म्हणाला. "ठेवलं असतं तर कळलं असतं, ती कुणाशी बोलतेय ते."

"पण ऐकलं होतंत ना?"

"ऐकलं होतं. पण माझे कान पहिल्या वाक्यालाच चिकटले होते."

मी त्याला तिथल्या तिथे अमेरिकेला फोन लावायला सांगितला. त्याने सगळं कबूल केलं. मग धाकटा म्हणाला, "दादा, आईला दे."

थोरल्याच्या बायकोने सुचवलं, पूर्ण रेकॉर्डिंग बाहेर काढू, अजून वेळ आहे. धाकट्याने साफ नकार दिला. "दादाचं नाव येईल, वहिनी. नको." थोडक्या मतांनी तो हरला. रेकॉर्डिंगमुळे हरला की नाही, कोण सांगणार?

निकालानंतर थोरला मला भेटायला आला. कामवालीची हात जोडून माफी मागितल्याचं त्याने सांगितलं. मग जरा वेळाने, माझ्याकडे न बघता म्हणाला, "बघितलंत ना काका? निवडणूक हरला, पण मोठेपणात पुन्हा तोच जिंकला."

गुन्हा कबूल झाला की केस संपली, असं मी नोकरीभर मानत आलो. चोर मुद्देमाल परत करतो, खुनी शिक्षा भोगतो. मत्सर करणाऱ्याला मात्र माफी मिळाली, तरी ती त्याला दुसऱ्याचीच बढती वाटते.