राखून ठेवलेला तिसरा व्हिडिओ

आमच्या थोरल्या साडूंइतका जाहिरातीचा वैरी रिसोड तालुक्यात झाला नाही, वाशीम जिल्ह्यात झाला नाही, आणि देशात कुठे झाला असेल तर तो आमच्या पाहण्यात नाही. ज्या कंपन्यांशी त्यांनी आयुष्यभर वैर धरलं, त्या कंपन्यांना या वैराचा पत्ताच नाही, ही गोष्ट वेगळी. साडूंच्या मते त्या घाबरून गप्प आहेत.

सकाळी पेपर आला की माणसं चष्मा शोधतात, साडू कात्री शोधतात. पहिल्या पानापासून शेवटच्यापर्यंत एकेक जाहिरात कापून काढायची, तिचा बोळा करून चुलवणात घालण्यासाठी ठेवायचा आणि मग उरलेला, खिडक्या पडलेला पेपर वाचायला बसायचं, हा त्यांचा तासाभराचा नेम. एकदा मी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. तो कातरलेला पेपर हातात घेतला तर एका बातमीत 'मंत्री म्हणाले' एवढं शिल्लक होतं आणि मंत्री काय म्हणाले तिथे आरपार भोक. मी ते बोट घालून दाखवलं. साडू शांतपणे म्हणाले, "मांगच्या पानावर चपलाचा सेल होता. त्याच्यासंगं गेलं ते. काही फरक पडत नाही मास्तर." भिंतीवरच्या दिनदर्शिकेचा दुकानाच्या नावाचा माथा त्यांनी कापला, त्याबरोबर टांगायचं भोकही गेलं, तेव्हापासून ती दिनदर्शिका डाळीच्या डब्याला टेकून उभी असते आणि एकादशी पाहायची तर आधी डबा हलवावा लागतो. घराच्या कंपाउंडला कोणीतरी बोअरच्या मोटारीची जाहिरात रंगवून गेलं, तेव्हा त्यांनी स्वतः चुना घेऊन ती पुसली. महिन्याभरात ती पुन्हा उगवली. मग त्यांनी पुन्हा चुना मारला आणि वर काळ्या अक्षरात लिहिलं, 'ही भिंत आहे.' रस्त्याने येणारी-जाणारी माणसं ते वाचून थोडा वेळ थबकतात, मग पुढे जातात.

खरं सांगायचं तर त्यांचं भांडण एकट्या जाहिरातीशी नाही. आपल्याला हवी ती गोष्ट आणि आपण यांच्या मधे जे जे येतं, त्या सगळ्याशी आहे. तीस वर्षं त्यांनी बसस्टँडवर कंट्रोलरची नोकरी केली. सुटायच्या वेळेला गाडी सुटली पाहिजे, हा त्यांचा धर्म. पुढारी चढायचा राहिला, नवरी चढायची राहिली, साडूंची शिट्टी वाजली म्हणजे वाजली. ते निवृत्त झाले त्या दिवशी सत्काराला आधी प्रास्ताविक, मग परिचय, मग परिचय करून देणाऱ्याचा परिचय, असं सुरू झालं. तिसऱ्या भाषणाला साडू उठले, टेबलावरची आपली शाल आणि आपला नारळ उचलला, अध्यक्षांना नमस्कार केला आणि घरी आले. सत्कार मागे दीड तास चालू होता म्हणतात.

या माणसाशी संसार केला आमच्या ताईंनी, म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीनं. ताईंना कुठल्याही गावाला निघायचं तर दाराला कुलूप लावून पुन्हा एकदा आत जाऊन यावं लागे. गॅस पाहायचा, देवाजवळचा दिवा पाहायचा, आरशात पदर पाहायचा. तोवर साडू फाटकात उभे राहून घड्याळाकडे पाहत, आणि अख्ख्या गल्लीला कळेल अशा आवाजात ताईंची वेळ जाहीर करत. एकदा केनवडला लग्न होतं. आम्ही चौघं स्टँडवर आलो, गाडीत बसलो आणि ताई म्हणाल्या, "पान्याची बाटली भरून आणतो, आलीच मी." वेळ झाली. ड्रायव्हर मागे वळून म्हणाला, "साहेब, वहिनी?" साडू रजेवर होते, पण धर्म रजेवर नव्हता. म्हणाले, "गाडी कोणाच्या वहिनीची नाही. काढ." गाडी निघाली. मी आणि माझी बायको सीटवर दगडासारखे बसलो. रस्त्यात एका वळणावर गाडीचा टायर बसला. आम्ही तासाभरानं केनवडला पोचलो तर मांडवाच्या तोंडाशी खुर्चीवर ताई चहा पीत बसलेल्या. त्या मागून जीपनं निघून आम्हाला केव्हाच ओलांडून गेल्या होत्या. साडूंकडे बघून एवढंच म्हणाल्या, "या. तुमची गाडी लेट आहे आज." साडू त्या लग्नात जेवले, पण बोलले नाहीत.

दोन वर्षांपूर्वी ताई गेल्या. त्यांचं सगळंच असं, मागून निघायचं आणि पुढे पोचायचं.

आता यात व्हिडिओ कुठून आला ते सांगतो. साडूंच्या समोरच्या घरात एक निवृत्त नर्सबाई राहतात. गल्लीतल्या बायकांची भुलाबाई, म्हणजे आमच्याकडचा भोंडला, दरवर्षी त्यांच्या अंगणात बसते. गाणी झाली की खाऊ ओळखायचा असतो. जिचा खाऊ असेल तिनं झाकलेला डबा कानाजवळ हलवायचा, बाकीच्यांनी आवाजावरून सांगायचं, गोड की तिखट, भाजलेलं की तळलेलं. पाचेक वर्षांपूर्वी नर्सबाईंनी हे सगळं मोबाइलवर घेतलं आणि व्हिडिओच्या त्या जगप्रसिद्ध साइटवर टाकून दिलं. त्यात चार मिनिटांनंतर ताई आहेत. चाळीस सेकंद. स्टीलचा डबा, त्यावर रुमाल. हलवतात, हसतात, "नाही, नाही जमत तुमाले" म्हणतात आणि मग रुमाल काढतात. ताईंचा आवाज असलेली तेवढी एकच गोष्ट या जगात शिल्लक आहे.

साडू तो व्हिडिओ रोज दुपारी लॅपटॉपवर पाहू लागले. आणि रोज, ताईंचा हात रुमालाला लागला की मधे उडी मारून एक माणूस गुडघ्याला तेल चोळू लागे. कधी ठिबकचे पाइप, कधी सोयाबीनचं तणनाशक, पण बहुतेक गुडघाच. साडू नर्सबाईंच्या दारात गेले. "तुमी काहून टाकून राह्यल्या हे मधात?" नर्सबाई म्हणाल्या, "मी कायले टाकू भाऊजी? मले तं तुमच्याकडून समजलं." मी सुचवलं, व्हिडिओ उतरवून पेनड्राइव्हमधे देतो, जाहिरातीचा प्रश्नच मिटला. साडूंनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी ताईंना माळ्यावर टाकायला सांगितलं होतं. "पेनड्राइव्हमधी ठेवली तं ती कपाटात राह्यली," ते म्हणाले. "इथं जगात आहे. हे पाह्य, चारशे अकरा जनाइनं पाह्यलं तिले." या चारशे अकरातले किमान चारशे कोण होते, हे मी बोललो नाही.

शेवटी पाप मीच केलं. माझ्या मुलीनं मला फोनवर शिकवलं होतं, ते जाहिराती अडवणारं साधन मी साडूंच्या लॅपटॉपमधे बसवून दिलं. गुडघा नाहीसा झाला. रुमाल निघाला, डब्यातला मुरमुऱ्याचा चिवडा दिसला, ताई हसल्या आणि साडूंनी माझा हात हातात घेतला. माझ्या लग्नातसुद्धा त्यांनी माझा हात हातात घेतला नव्हता. पुढचे तीन आठवडे रामराज्य होतं. साडू स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसून ओळखीच्या-अनोळखीच्या माणसांना सांगत, "जाहिरात म्हणजे काय, शिट्टी मारली की थांबते. मारनारा पाह्यजे."

मग एक दिवस पडद्यावर काळी चौकट आली. जाहिराती अडवणारी साधनं इथे चालत नाहीत, आणखी तीन व्हिडिओनंतर पाहणं बंद करण्यात येईल, अशा अर्थाचं तिच्यात लिहिलेलं. तुम्ही-आम्ही असतो तर कोणाला तरी विचारलं असतं. साडूंनी आयुष्य सरकारी कागदात काढलेलं. त्यांनी ती नोटीस स्वतःच्या नावावर आली असं धरलं, दोन वेळा वाचली आणि शिस्तीत पाळायला घेतली. पहिला व्हिडिओ त्याच दिवशी पाहिला. दुसरा आठ दिवसांनी, राहवलं नाही म्हणून. तिसरा मात्र राखून ठेवला. लॅपटॉपवर टॉवेल घातला, टॉवेलवर विष्णुसहस्रनामाचं पुस्तक ठेवलं आणि गप्प बसले. मला कोणी काही कळवलं नाही. मी वाशीमहून फोन केला की ते हवापाण्याचं बोलत, आणि मला वाटे, वा, माणूस सावरला.

दीड महिन्यानं त्यांचा फोन आला. "आज भुलाबाई बसते. दोघंही या. एक शिल्लक आहे." काय शिल्लक आहे ते सांगितलं नाही. आम्ही दुपारी रिसोडला पोचलो. बैठकीत चार खुर्च्या मांडलेल्या, नर्सबाईंनाही बोलावलेलं, ताईंच्या फोटोला हार, आणि मधे टॉवेलखाली लॅपटॉप. तेव्हा साडूंनी सगळी हकिकत सांगितली. आज शेवटचं पाहून घ्यायचं आणि मग कायमचं बंद, असा त्यांचा बेत होता. मी म्हटलं, "अहो, ते साधन काढून टाकलं की झालं. दीड महिना तुम्ही उगाच उपाशी राहिलात. जाहिराती येतील, पण ताई कुठे जात नाहीत."

"म्हनजे त्या गुडघ्यावाल्याले शरण जायचं?"

"शरण कसलं त्यात?"

"मंग कायले म्हनतेत शरण?" साडू म्हणाले. "मधात कोणी नको. व्हिडिओ लागन तं पुरा लागन, नाही तं नाही. बसा."

आम्ही बसलो. त्यांनी टॉवेल काढला, घडी घातली आणि बटण दाबलं. काळी चौकट आली. या वेळी तिच्यात मोजदाद नव्हती. पाहणं बंद करण्यात आलं आहे, एवढंच.

साडूंनी पुन्हा दाबलं. मग पुन्हा. माझ्या बायकोनं हळूच विचारलं, "भाऊजी, मधात कधी लावलं होतं काय?"

साडूंनी बटणावरचं बोट काढून घेतलं. मग म्हणाले, "सकाळी. तुमी येनार म्हनून. गाडी काढायच्या आधी चालू करून पाह्यची असते न. दहा सेकंद पाह्यलं अन् बंद केलं. तिच्यापर्यंत गेलोच नाही मी."

दहा सेकंदांत तिसरा व्हिडिओ खर्ची पडला होता. दीड महिना राखलेला. नर्सबाई पदरानं चष्मा पुसू लागल्या. साडूंचे दोन्ही हात मांडीवर तसेच होते, नुसते ठेवलेले. मग ते माझ्याकडे न पाहता म्हणाले, "काढ बुवा ते."

मी साधन काढलं. एका मिनिटाचं काम. व्हिडिओ सुरू झाला, गाणी झाली, ताईंनी डबा कानाशी नेला, हलवला, "नाही, नाही जमत तुमाले" म्हणाल्या, हात रुमालाकडे गेला आणि वेळेवर, अगदी वेळेवर, गुडघेवाला हजर झाला. तेल चोळू लागला. पाच सेकंदांनी कोपऱ्यात पुढे जायचं बटण उगवलं. मी सवयीनं हात पुढे केला.

साडूंनी माझं मनगट धरलं. "राहू दे."

"बटण आलं आहे, भाऊजी," बायको म्हणाली.

"येऊ दे. तिले पदर पाहू दे."

तो गुडघेवाला त्या दिवशी शेवटपर्यंत बोलला. जिंकलेल्या शत्रूचं इतक्या आदरानं कोणी ऐकून घेतलेलं मी पाहिलं नाही. त्याचा टोल-फ्री नंबरही झाला, आणि मग रुमाल निघाला.

आता मी रिसोडला गेलो की दुपारी तो व्हिडिओ होतोच. पेपरला अजून खिडक्या आहेत, भिंत अजून भिंतच आहे. पण एवढी एक जाहिरात साडू पूर्ण पाहतात, पाठ ताठ, फाटकात उभं राहिल्यासारखी. मागच्या खेपेला नेट अडलं, पडद्यावर नुसतं गोल चक्र फिरत राहिलं. मी उठून काही खटपट करू लागलो तर त्यांनी मला खाली बसवलं आणि स्टँडवरच्या जुन्या आवाजात, पण अगदी हळू, सांगितलं,

"बसा मास्तर. लेट आहे. रद्द नाही."